फणीनं नांगरलेलं रान

एसटीत कंडक्टर असताना मी एका वाघाला अर्धं तिकीट फाडलं होतं, हे लोहारा तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अर्धं का, तर त्याचं वय बारा वर्षांच्या आत होतं. असल्या गोष्टी सांगत मी, बाबामियाँ, उभा जन्म घालवला. त्यानं कधी कुणाचा केस वाकडा झाला नाही. म्हणून मे महिन्यातल्या त्या मंगळवारी एक लहानशी थाप मारताना माझी जीभ अडखळली नाही. "बघितला की हिरवा ठिपका," एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच चार शब्दांनी मला भर उन्हात पळवलं.

फरहाना ही माझ्या लेकीची लेक. लहानपणापासून आमच्याकडंच आहे. घरी केक करते. अंड्याच्या केकची भांडी वेगळी, बिनअंड्याची वेगळी, फडकीसुद्धा वेगळी. फडकं चुकलं तर आपल्या नानीला, म्हणजे माझ्या रजियाबीलाही, ती स्वयंपाकघरातून बाहेर काढते. तिच्याकडं माकणीच्या शरणप्पांनी केक सांगितला. त्यांच्या आईला, रुद्रम्मांना, एक्क्याऐंशीवं लागत होतं.

रुद्रम्मा आमच्या जुन्या शेजारीण. धरण व्हायच्या आधी माकणीत आमची अन् त्यांची भिंत एक होती. मी त्यांना अक्का म्हणतो. धरण झालं, त्यांचं काळं रान, विहीर आणि बांधावरची चिंच पाण्याखाली गेली. शरणप्पांना केकवर तेच रान पाहिजे होतं. काळंभोर, नुकतं नांगरलेलं, कडेला चिंच.

घर लिंगायताचं. अक्का गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणी पीत नाहीत. आयुष्यात अंडं शिवलेल्या नाहीत. त्यांचा लेक तर आणखी कडक. एका लग्नात आचाऱ्याची मटणाची पळी वरणात गेली अशी नुसती शंका आली, तर शरणप्पांनी चार कढया वरण उकिरड्यावर ओतायला लावलं. त्या आचाऱ्याला पुन्हा त्या भागात कुणी चूल पेटवू दिली नाही.

फरहाना चिंचेची जागा विचारायला माकणीला गेली, तेव्हा मी सोबत होतो. अक्कांनी तिला पुढ्यात बसवलं.

"पोरी, तुझ्या हातचं खाईन. साखरंला न् दुधाला विटाळ नसतो. पण आत काय वंगाळ न्हाय ना?"

"न्हाय अम्मा. माझा शब्द."

"बस. आता म्या पुन्हा विचारणार न्हाय."

हे सगळं माझ्यासमोर झालं, म्हणजे मला नंतर 'माहीत नव्हतं' म्हणायचीही सोय राहिली नाही.

आता ते काळं रान करायचं कशाचं, तर फॉन्डंटचं. फॉन्डंट म्हणजे केकवर चढवायचं साखरेचं कातडं. मी तसं म्हणालो की फरहाना चिडते. "नाना, कातडं म्हणू नका, गिऱ्हाईक पळंल." ती ते मार्शमेलोपासून घरीच करते. मार्शमेलो म्हणजे कापसाच्या बोंडासारखी पांढरी मिठाई. बोटानं दाबली की दबते, सोडली की पुन्हा फुगते. ती लातूरला मिळते. आणायला मी गेलो. निघताना पोरीनं तीनदा बजावलं, "हिरवा ठिपका बघूनच आणा. तपकिरी त्रिकोण असला तर हात लावू नका. त्यात जिलेटीन असतं. जनावराच्या हाडा-कातड्यातून काढतात ते."

नेहमीच्या दुकानात माल संपला होता. दुसऱ्या दुकानदारानं एक मोठं पाकीट पुढं टाकलं. ऊन असं की स्टँडवरचा कावळा रसवंतीच्या बर्फावर बसून होता, उठवला तरी उठत नव्हता. बस हलायला लागली होती. मी पाकीट काखोटीला मारलं आणि धावलो. ठिपका बघायचा राहिला. औशाच्या पुढं गेल्यावर वाटलं, चव तरी बघावी. पाकीट फोडलं. चव बघता बघता लोहारा आलं.

आता फोडलेलं पाकीट पोरीला कसं दाखवायचं? कंडक्टरकीपासून माझ्या पिशवीत रिकामा डबा असतोच. सगळा माल त्यात ओतला आणि चकचकीत पाकिटाची घडी घालून खिशात ठेवली, सुपारी ठेवायला बरी म्हणून.

"डब्यात का ओतलं, नाना?"

"मुंग्या गं. लातूरच्या स्टँडवरच्या मुंग्या एवढ्याल्या, की बॅग उचलून टपावर टाकतात."

"ठिपका?"

"बघितला की हिरवा ठिपका."

ती हसली आणि कामाला लागली. तिचा माझ्यावर विश्वास होता. वाघावर नव्हता, पण माझ्यावर होता.

संध्याकाळी शेगडीपाशी मी तिच्या मदतीला बसलो. पिठीसाखर वस्त्रगाळ करायचं काम माझं. तिनं पाणी उकळत ठेवलं, त्याच्या वाफेवर दुसरं पातेलं बसवलं, त्यात मार्शमेलो आणि दोन चमचे पाणी. ती बोंडं हळूहळू खाली बसली, एकमेकांत मिसळली आणि त्यांचा पांढरा चिकट चिखल झाला. त्यात वितळलेलं चॉकलेट आणि कोको. मग मी चाळलेली साखर मूठ मूठ. हाताला डालडा लावून ती मळायला बसली. गोळा आधी बोटांना सोडीना. तिनं मळला, ताणला, घडी घातली, पुन्हा मळला. शेवटी कानाच्या पाळीसारखा मऊ झाला. रंग थेट आमच्या काळ्या रानाचा. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर मुरू दिला.

बुधवारी सकाळी पोळपाटावर मक्याचं पीठ भुरभुरून तिनं तो लाटला, केकवर अलगद सोडला आणि नवी कोरी फणी घेतली. फणीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सऱ्या पाडत गेली. डोळ्यांदेखत रान नांगरलं गेलं. विहीर केली, चिंच केली. चिंचेखाली बसायचा दगडसुद्धा केला. बारा वाजता शरणप्पांची गाडी आली आणि रानासकट पोरीला घेऊन गेली. केक पाच वाजता कापायचा होता.

दोन वाजता जेवण झालं. मी सुपारी काढली. रजियाबीनं चिमूटभर घेतली आणि तिचा हात तिथंच थांबला. तिला अक्षर येत नाही. पण फरहानाची पाकिटं लावून लावून ठिपका आणि त्रिकोण तिला कळतो.

"अजी, हे कशाचं पाकीट?"

"त्याचंच. कालचं."

तिनं पाकीट माझ्या डोळ्यांसमोर धरलं. कोपऱ्यात चौकोन होता. चौकोनात तपकिरी त्रिकोण.

मी चष्मा पुसला. त्रिकोण गेला नाही. पाकीट उलटं धरलं. उलटा झाला, पण त्रिकोणच राहिला.

"या अल्ला," रजियाबी म्हणाली. "अन् काल तुम्ही मलाबी दोन बोंडं चारली. कापसाची मिठाई म्हणून."

मी तोंडातली सुपारी थुंकली. आमच्या पोटात काय गेलं, कोणत्या जनावराचं गेलं, ही एक भीती. पण ती मागं ढकलून दुसरी पुढं आली. ऐंशी वर्षं जपलेलं तोंड, आणि पाच वाजता त्यात हे जाणार. तेही माझ्या नातीच्या शब्दावर.

मी फोन लावला. फरहानानं उचलला. मागं माणसांचा गलका.

"नाना! अम्मांनी रान बघितलं अन् रडल्या. दगडसुद्धा ओळखला त्यांनी. म्हणाल्या, इथंच भाकरी सोडायचे. तुम्ही का फोन केला?"

मागून शरणप्पांचा आवाज आला, "कोण हाय गं?"

"उगंच केला," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

"बोलला न्हाईत तुम्ही," रजियाबी म्हणाली.

"शरणप्पा हुभे होते तिथं."

"मग आता तुम्ही जाऊन हुभं ऱ्हावा. उठा."

वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही. आठ माणसं झाली होती आणि ड्रायव्हरला चौदा पाहिजे होती. साडेतीन वाजले. मी त्याला सांगितलं, माकणीच्या फाट्यावर लग्नाचं वऱ्हाड ताटकळत उभं आहे, बारा माणसं, गेलास तर तुझीच. तो लगेच निघाला. थाप अशी पटकन चालते! वाटेत मला त्याचीच भीती वाटायला लागली. आयुष्यभर खोटं नाणं चालवलं, आज खरं पुढं केलं तर कुणी घेईल का?

माकणीत पोचलो तेव्हा साडेचार होत आले होते. दारात तोरण. आत चाळीसेक माणसं, एसीचा गारवा आणि मधोमध टेबलावर ते रान. फरहाना एक सरी फणीनं नीट करत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. बाजूला रिबिन बांधलेली सुरी.

"या बाबामियाँ!" शरणप्पा ओरडले. "आज कोणता वाघ आणलात?"

सगळे हसले. मला हसू येईना.

"शरणप्पा, केक जरा थांबवा. उन्हातून आलाय. असला माल उन्हात आला की बाधतो."

"एसी गाडीतून आणलाय, बाबामियाँ."

"धरणावर बिबट्या आलाय. सगळ्यांनी आधी दारं लावून..."

"त्याला पूर्ण तिकीट फाडलं का अर्धं?" कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा. मग मी ठरवलं, चक्कर आली म्हणून केकवरच कोसळायचं. डोळे मिटले, पाय सोडले, झेप घेतली. पण शरणप्पांनी मला मधेच बगलेत धरलं. आडदांड माणूस. लेकराला ठेवावं तसं खुर्चीत बसवलं आणि फरहानाला पाणी आणायला लावलं.

पाणी पिताना बघितलं, निम्म्या लोकांच्या हातांत फोन होते. केक कापताना काढायला. फोनमधून एक गोष्ट निघाली की तालुक्याची वेस ओलांडायच्या आत तिला शिंगं फुटतात, शेपटी फुटते. माझ्या थापा पायी चालायच्या. या उडतात. 'मुसलमानाच्या पोरीनं लिंगायताच्या म्हातारीला...' पुढचं वाक्य मला दिसलं आणि मी पेला खाली ठेवला.

आतल्या खोलीतून आवाज आला. "बाब्या आलाय न्हवं? त्याला आत धाडा. अन् दार लावा."

अक्का पलंगावर बसल्या होत्या. नवं लुगडं, कपाळाला भस्म. मी दार लावलं.

"बस. थाप मारताना तुझ्या तोंडाचा डावा कोपरा हसतो. आज हसत न्हाय. काय झालंय?"

मी खिशातून पाकीट काढलं. सुपारी पलंगावर सांडली. काय सांगितलं, कोणत्या शब्दांत, ते आठवत नाही. एवढं आठवतं की पहिल्यांदाच माझी गोष्ट लहान होती. दोन वाक्यांत संपली.

बाहेर कुणीतरी फुगा फोडला. मी दचकलो, त्या नाही.

"पोरीला म्हाईत हाय?"

"न्हाय. शपथ."

"तुझी शपथ ठेव तुझ्याकडं. तू किती खाल्लंस?"

"तीन."

अक्का बघत राहिल्या.

"अकरा."

"हां."

"अक्का, म्या बाहेर जाऊन सगळ्यांना सांगतो. चूक माझी हाय. पोरीचा काय दोष न्हाय."

"सांग. अन् कोण ऐकंल?" त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "वाघाला तिकीट फाडणारा तू. केकात वंगाळ हाय म्हणशील, ते पटकन खरं धरतील. पोरीला ठाऊक न्हवतं म्हणशील, ते थाप म्हणतील. शरण्याचा राग तुला म्हाईत हाय."

मी खाली बघितलं. मला मारलं असतं तर परवडलं असतं.

"तुझ्या थापंवर म्या पन्नास वर्षं हसले, बाब्या. का? तर तुझी थाप कुणाच्या ताटात पडत न्हवती."

त्यांनी गळ्यातली लिंगाची चांदीची डबी मुठीत धरली. डोळे मिटले. ओठ हलले. मग डबी पदराआड ठेवली आणि माझ्या खांद्याला धरून उठल्या.

"दिवस मावळायच्या आत पोरीला तू सांगायचं. न्हाय तर म्या सांगन."

"अन् आता, अक्का?"

त्यांनी दार उघडलं.

टाळ्या सुरू झाल्या. गाणं सुरू झालं. शरणप्पांनी आईच्या हातात सुरी दिली आणि पहिला घास भरवायला शेजारी उभे राहिले. अक्का रानाच्या कडेला उभ्या राहिल्या. खूप वेळ बघत राहिल्या. सुरी पहिल्या सरीवर टेकली. कातडं थोडं दबलं. मला वाटलं, अक्का खाणार. माझ्या नातीसाठी म्हातारी खाणार आणि त्याचा हिशोब मला जन्मभर...

अक्कांनी वर बघितलं.

"पाल," त्या म्हणाल्या.

गाणं थांबलं.

"पाल पडली. चिंचंवर पडली अन् टेबलाखाली पळाली."

शरणप्पांनी छताकडं बघितलं. नवं कोरं पांढरं छत, त्यावर मुंगीसुद्धा नव्हती. "कुठं, अम्मा? मला न्हाय..."

"म्या बघितली."

मी शरणप्पांच्या तोंडाकडं बघत होतो. ते आईकडं. मग त्यांच्या चुलतभावानं खुर्ची सरकवली आणि म्हणाला, "व्हय की! शेपूट दिसलं मला."

"पिवळी होती," मागून एक बाई म्हणाल्या.

"पिवळी न्हाय, काळपट. मोठी होती."

पन्नास वर्षं मी थापा मारल्या, एकदाही साक्षीदार मिळाला नाही. त्या माउलीनं आयुष्यात एकच मारली, तर तीन उभे राहिले.

फरहाना रडायला लागली. अक्कांनी तिला जवळ ओढलं. "तू रान झाक केलंस, पोरी. पालीला काय कळतं?" मग लेकाला म्हणाल्या, "उकिरड्यावर टाकायचं न्हाय. धरणात सोड."

लोकांना शिरा वाढला. चौघांनी तो केक पाटासकट उचलला आणि धरणाच्या काठावर नेला. आम्हीही मागं गेलो. त्यांचं खरं रान जिथं बुडालं, त्याच अंगाला शरणप्पांनी केक पाण्यात सोडला. चिंच आधी गेली. सऱ्या थोडा वेळ दिसल्या, मग पाणी गढूळ झालं. अक्का वर बांधावर उभ्या होत्या. त्यांचं रान दुसऱ्यांदा पाण्यात गेलं, आणि या वेळी ते मी बुडवलं होतं.

परतीच्या जीपमध्ये फरहाना माझ्या शेजारी. ऊन कलत आलं होतं. मी सूर्याकडं बघत होतो. तो मुद्दाम भरभर खाली चाललाय असं वाटत होतं.

"नाना, पाल मलाबी दिसली," ती डोळे पुसत म्हणाली. "नशीबच खराब."

"पाल न्हवती, बाळा."

"मला दिसली की."

"न्हवती." मी सांगायला लागलो. बस, औसा, अकरा बोंडं, डबा. ती मधेच हसली. "नाना, आज तरी थापा नका मारू."

मग मी पाकीट तिच्या हातात दिलं.

तिनं ते उन्हाकडं धरून बघितलं. घडी घातली. पुन्हा उघडलं. लोहाऱ्याचा स्टँड येईपर्यंत ते तिच्या मुठीतच होतं. मी तिच्या बोलण्याची वाट बघत होतो आणि ती बोलेल याला भीतही होतो. घराच्या दारात थांबली.

"आता म्या खरं सांगायला गेले तर अम्मा खोट्या पडतात. तुम्ही नुसता माझा शब्द न्हाय मोडला, माझं तोंडबी बंद केलं, नाना."

आत जाऊन तिनं कणकेची खळ करून ते पाकीट शेगडीच्या वरच्या भिंतीला चिकटवलं. अजून तिथंच आहे. साखर चाळायला आजही मीच बसतो, आणि मान वर केली की त्रिकोण दिसतो.

पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "चला माकणीला. डबा घरी ठेवा."

तिनं बंद पाकीट नेलं होतं. हिरव्या ठिपक्याचं. अक्कांच्या स्वयंपाकघरात, अक्कांच्या पातेल्यात, अक्कांच्या समोर तिनं ते फोडलं. आधी त्यांचं बोट धरून ठिपक्यावर टेकवलं. मी उंबऱ्याबाहेर बसलो होतो; मला साखरसुद्धा चाळू दिली नाही. वाफेवर बोंडं वितळली, कोको पडला. मळून मळून गोळा कानाच्या पाळीसारखा झाला. त्यातून तिनं तळहाताएवढं रान केलं आणि पिशवीतली नवी फणी काढून पाच सऱ्या पाडल्या.

अक्कांनी एका कोपऱ्याचा तुकडा मोडला. तोंडाजवळ नेला. थांबल्या. वर छताकडं बघितलं. मग उंबऱ्याकडं, माझ्याकडं.

"बाब्या, पाल हाय का रं?"

फरहानाची फणी हातातच राहिली. मी छताचा कोपरान् कोपरा बघितला. खरोखर बघितला, डोळे दुखेपर्यंत.

"न्हाय, अक्का."

त्या माझ्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्याकडं बघत राहिल्या. तो हलला नाही. मग त्यांनी तुकडा तोंडात टाकला.